पिल्लाचं पोट बिघडलं त्या नऊ दिवसांबद्दल

आप्पा,

तुमच्यावर राग आला आहे म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. वर्षातून एकदा तुमच्या नावानं पान वाढलं, फोटोवरची धूळ पुसली, तेवढं पुरलं. पण गेला महिनाभर आमच्या घरात एका कुत्र्याच्या पिल्लाच्या पोटावरून जे चाललं, त्यात मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी तुम्ही जिवंत असतानाही चिडले नव्हते. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपौंडर होता. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे, आणि लोक मात्र गाय घेऊन तुमच्याच पुढ्यात उभे राहायचे. रामनगरच्या बाजारात तुम्हाला सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि तुम्ही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. अशा माणसाच्या मुलीला, जेमतेम महिन्याच्या पिल्लाला काय खायला घालायचं, किती घालायचं, हे ठाऊक नव्हतं. ह्यात चूक कुणाची, ते मला तुम्हाला विचारायचं आहे.

पिल्लू ह्यांनी आणलं. तुमचे जावई आता गणेशगुडीच्या एका लॉजवर जीप चालवतात, नदीत रबरी होडीतून उतरायला आलेल्या पाहुण्यांची ने-आण करतात. लॉजच्या आवारातली व्यालेली कुत्री बिबट्यानं उचलली आणि मागं तीन पिल्लं राहिली. दोन तिथल्या कामगारांनी नेली. तिसरं, तांबूस रंगाचं, एक कान मोडून पडलेलं, कुणालाच नको होतं. ते ह्यांनी बिस्किटांच्या खोक्यात घालून इकडं आमच्या गावी, कुंभारवाड्याला आणलं. सुगीचे दिवस होते. अंगणात भात वाळत घातलेलं, आणि आत्ती, माझ्या सासूबाई, सूप घेऊन पाखडायला बसलेल्या. खोकं बघून त्या म्हणाल्या, "सुगीत हे काय आणलास रे? हितं आमचंच हात पुरंनात." आणि असं म्हणत म्हणतच त्या उठल्या, आत गेल्या आणि वाडगाभर गाईचं दूध घेऊन आल्या. पिल्लानं नाक बुडवून वाडगा रिकामा केला. पोट टम्म झालं. "बघ, किती उपाशी हुतं," आत्ती म्हणाल्या. आम्ही तिघं उभे राहून कौतुक करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत चार ठिकाणी पिवळं पाणी पडलेलं होतं आणि पाचवं नेमकं भाताच्या कडेला.

दूध बाधलं हे मला कळलं, एवढी अक्कल होती. दूध बंद केलं आणि दहीभात मऊ कालवून दिला. तो त्यानं खाल्ला, पण पोट थांबेना. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, रस्त्यावरच्या मोरीपाशी वळणावर उभं राहिलं तर मिळते. तिथं उभी राहून मी मुलीला सांगितलं. ती बेळगावला कॉलेजात आहे. तिनं तासाभरात सहा व्हिडिओ पाठवले. एक माणूस सांगतो दही द्या, दुसरा सांगतो दही अजिबात देऊ नका, तिसरी बाई लाल भोपळा उकडून घालते आणि तिचं पिल्लू शेपटी हलवत सोफ्यावर चढतं. मी नाचणीची आंबील सुरू केली, कारण ती घरात होती आणि कुणीच तिच्याविरुद्ध बोललं नव्हतं. दीड दिवस आंबील दिली. जरा घट्ट होतंय असं वाटलं, आणि त्याच दुपारी हे दांडेलीहून पाकीट घेऊन आले. वर मोठ्या केसाळ कुत्र्याचं चित्र. आत खडे. पिल्लानं ते खडे चावलेसुद्धा नाहीत, गिळले, आणि घटकाभरात सगळे तसेच्या तसे बाहेर टाकले.

"भिजवून तरी घालायचे हुते," मी म्हणाले.

"दुकानदार म्हणाला, ह्यात सगळं हाय, दुसरं काय घालायला नको."

"दुकानदाराच्या पडवीत हगतंय का ते?"

हे गप्प बसले. पण गप्प बसले म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी लॉजवर पाहुण्यांच्या ताटातलं उरलेलं चिकन ह्यांनी डब्यात घालून आणलं. तेलात, मसाल्यात लडबडलेलं. मी अंगणवाडीतून घरी येईपर्यंत डबा घासून पालथा घातलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "कुत्रं हाय ते, लेकरू न्हवं. आमच्या लहानपणी कुत्र्याला कोण इचारत हुतं? उष्टं खाऊनच वाढायची सगळी."

"वाढली तेवढीच तुम्हाला दिसली," मी म्हणाले. "मेली ती कुणी मोजली?"

पिल्लानं त्या रात्रीनंतर खाण्याकडे पाठ फिरवली. त्याला काहीतरी चव यावी म्हणून आत्तींनी भातात चिमूटभर सुकट कुस्करली. मी नको म्हणाले होते. त्यांनी मान डोलावली होती. माझी पाठ वळली आणि सुकट भातात गेली. मला हे कसं कळलं? ती पुन्हा बाहेर आली तेव्हा कळलं, आणि त्यात ह्या वेळी लाल रेघ होती.

मी मोरीपाशी जाऊन तुमच्या मुलाला फोन लावला. तो गोव्यात एका हॉटेलात आहे, बरा आहे, जाड झाला आहे. त्याला विचारलं, आप्पा हगवणीवर काय द्यायचे, लहान पिल्लू असलं तर काय द्यायचे, काही आठवतंय का तुला. तुम्ही त्याला शिकवत होता ना? सुट्टीच्या दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन जायचा, मला मात्र नाही. तो हसला. म्हणाला, "मला काय आठवणार गं? मला त्या वासानंच ओकारी यायची. आप्पा काय तरी सांगायचे, मी दाराकडं बघत उभा राहायचो, कवा सुटतो म्हणून."

आप्पा, त्या मोरीवर मी फोन हातात धरून उभी होते आणि मला इतका राग आला की पुढचं तो काय बोलला ते मी ऐकलंच नाही. कारण मला आठवतंय. मला सगळं आठवतंय, फक्त अर्धं.

मी दहा वर्षांची आहे. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला गज लावलेली खिडकी आहे आणि तिच्याखाली कुणीतरी टाकलेला दगड आहे, त्यावर उभं राहिलं की आतलं दिसतं. खानापूरकडून आलेला एक म्हातारा वासरू घेऊन बसला आहे. वासराची मागची बाजू घाणीनं माखलेली आहे. तुम्ही वासराच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर उचलता आणि सोडता. कातडी लगेच खाली बसत नाही, तंबूसारखी उभी राहते, मग हळूहळू बसते. तुम्ही म्हाताऱ्याला म्हणता, "पाणी सरलंय ह्याच्यातलं." मला हे इतकं नवल वाटतं की मी दगडावरून उडी मारून पुढच्या दारातून आत येते आणि सगळ्यांसमोर विचारते, "आप्पा, कातडी तशीच का राहिली?" तुम्ही वळूनही बघत नाही. "बाहेर जा. हे पोरींचं काम न्हवं." म्हातारा हसतो, बाकावरचे बाकीचेही हसतात. आणि मग तुम्ही बाहेर गोट्या खेळणाऱ्या तुमच्या मुलाला हाक मारता, "हिकडं ये, धर ह्याचं डोकं." तो डोकं धरतो, डोळे मिटून. मी पुन्हा मागं जाऊन दगडावर चढते. पण तोपर्यंत तुमची पाठ खिडकीकडे झालेली असते, त्यामुळे बांबूच्या नळकांड्यातून तुम्ही वासराला काय पाजलंत ते मला दिसलं नाही. ते अजून दिसलेलं नाही.

घरी आल्यावर तुम्ही न्हाणीत बसून कोपरापर्यंत हात धुवायचा, तीन तीनदा. आई भाकरी थापत चुलीपाशी. ती विचारायची, "वासरू जगलं काय?" तुम्ही म्हणायचा, "बघू." एवढंच. जेवून उठेपर्यंत दुसरा शब्द नाही. मी ताट घेऊन तुमच्या समोर मुद्दाम बसायची, वाटायचं, आज काहीतरी सांगतील. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा, खायचा. मला त्या काळात तुमचा राग येत नव्हता. मला वाटायचं, मोठ्या माणसांची कामं अशीच असतात. राग आता येतो आहे, पडवी पुसताना.

तुम्हाला ठाऊक आहे, मी अंगणवाडीत आहे. नोकरीचा कागद आला तेव्हा तुम्ही तो दोनदा वाचलात आणि खिशात घालून बाजारात गेलात, एवढं मला आईनं सांगितलं होतं. मी तिथं आयांना काय सांगते ठाऊक आहे? लेकराला वरचं अन्न कसं सुरू करायचं ते सांगते. ह्या सगळ्या गोंधळात, आठव्या दिवशी, एक बाई तिचं सात महिन्यांचं पोरगं घेऊन आली. त्यालाही जुलाब. मी विचारलं, काय काय घातलंस. तिनं सांगितलं, पेज, केळं, बिस्किट, शेजारणीनं दिलेलं काहीतरी डब्यातलं. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एका येळंला एकच नवीन. ते पोटात बसलं की मगच दुसरं. रोज नवं नवं घातलंस तर त्या पोटानं काय करायचं?" ती मान खाली घालून म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगतासा तसंच करतोय मी. पर पोरगं रडतंय. रडलं की घालतोय काय तरी." मी म्हणाले, "रडू दे जरा." आणि मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते पुन्हा एकदा करून दाखवलं. आप्पा, मी हे सगळं माझ्या तोंडानं बोलले आणि माझ्या कानांनी ऐकलं नाही. घरी आले आणि पिल्लाला भोपळा उकडायला ठेवला, कारण तो आदल्या दिवशी कुणीतरी आणून दिला होता.

नववा दिवस शुक्रवार. पिल्लानं भोपळ्याला तोंड लावलं नाही. पाण्यालाही नाही. सकाळी ते खोक्यातून बाहेर आलं नव्हतं, दुपारी त्यानं डोकं उचलणंही सोडलं. मी अंगणवाडी आटोपून धावत आले. ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पांढऱ्या पडल्या होत्या आणि बोटाला चिकट लागत होत्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून उचलली. ती तशीच उभी राहिली. मीठ-साखरेचं पाणी केलं आणि चमच्यानं गालाच्या कडेनं थोडं थोडं सोडायला लागले. अर्धं ओघळून जात होतं. हे पाहुण्यांना घेऊन अणशीच्या जंगलाच्या बाजूला गेलेले, फोन लागण्याचा प्रश्नच नव्हता. बस सकाळी गेली होती.

मग आत्तींनी अंगणातून हाक मारली. रामनगरच्या गिरणीला भात न्यायला शेजारचा पिकअप आला होता. मला वाटलं पोती मोजायला बोलावतात. बाहेर गेले तर त्यांनी आपलं एक जुनं लुगडं चौघडी करून हातात घेतलेलं. म्हणाल्या, "आण त्याला. आज डॉक्टर असतोय न्हवं? ह्यात गुंडाळ. मी बी येतो."

"आत्ती, भात कोण बघणार?"

"भात पळून जात न्हाई," त्या म्हणाल्या. आणि पोत्यांवर चढून बसल्या, ह्या वयात.

तासभर गाडी खडखडत होती. त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्यावर पदर धरला होता. मी त्यांच्यावर रागावले होते, सुकटीवरून, आणि त्यांना ते ठाऊक होतं. तुमचाच जुना दवाखाना, आप्पा. आता तिथं डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस बसतात. तरुण आहेत, कर्नाटकच्या आतल्या भागातले, मराठी येत नाही. आम्ही कानडीत बोललो. तुमचं लाकडी कपाट गेलं, त्या जागी लोखंडी आहे. मागची खिडकी आहे, पण तिला जाळी मारली आहे.

डॉक्टरांनी पिल्लाचं अंग चाचपलं, ताप बघितला, रक्त दिसलं म्हणून एका पट्टीवर तपासणी केली. पिल्लांना मारून टाकणारा तो साथीचा रोग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "काय खातो हा?" मी तोंड उघडायच्या आत आत्ती बोलायला लागल्या. एकेक बोट दुमडत सांगू लागल्या, आणि एकही विसरल्या नाहीत: दूध, दहीभात, आंबील, पाकिटातले खडे, मसाल्याचं चिकन, सुकट. "ती म्यां घाटली," असंही सांगून टाकलं, मराठीतच. मग सातव्या बोटाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि काल काय घाटलीस गं तू? भोपळा." मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"किती दिवसांत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ," मी म्हणाले.

ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, "महिन्याचं पोट आहे, बाई. आईच्या दुधाशिवाय त्याला काही माहीत नव्हतं. तुम्ही त्याला खानावळीत बसवलंत. ह्यातलं एकेक बरंही असेल, पण एकालाही तुम्ही थांबू दिलं नाही." त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, पोटात जंत असणार म्हणाले, पण ते औषध जीव धरल्यावर. आणि मग अगदी सोपं सांगितलं. चार दिवस फक्त मऊ शिजवलेला भात आणि मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीचा बारीक केलेला लगदा. दोन-दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. घालणारा हात एकच. मग जे काय कायमचं घालायचं ठरवाल ते ह्यात थोडं मिसळायचं, दोन दिवसांनी थोडं जास्त, असं आठवडाभर. एकदम काही बदलायचं नाही. मी परत नेण्यासाठी पिल्लू उचललं तेव्हा त्यांनी विचारलं, पाणी कमी झालंय हे तुम्हाला कसं कळलं. मी म्हणाले, कातडी उचलून बघितली. "कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "वडिलांनी. ते इथंच होते." आत्तींनी माझ्याकडे बघितलं.

परतीला बसनं आलो. आत्तींना झोप लागली होती, पिल्लाला पण. आणि मी खिडकीशी बसले होते, डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घोळवत. थोडं मिसळायचं, मग थोडं जास्त. हे मी कुठं ऐकलं आहे? अंगणवाडीतल्या तक्त्यावर नव्हे, त्याच्या आधी. आणि मग मला शेळी आठवली.

माझ्या लग्नात बाकीच्यांनी भांडी दिली, तुम्ही शेळी दिलीत. वऱ्हाडाच्या टेम्पोत मागं तिला बांधलंत आणि तिच्या शेजारी एक पोतं ठेवलंत. मला वाटलं पोत्यात तांदूळ असतील. सासरी उघडलं तर आत रामनगरचा पाला, अर्धा सुकलेला, आणि तळाशी कोंडा. सगळी माणसं बघत होती. नणंदा हसल्या, "काय गं, आमच्याकडं जंगलात पाला मिळत न्हाई व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना तुम्ही टेम्पोपाशी येऊन मला म्हणाला होता, "आठ दिस हिला हेच घाल. मग तिकडचं जरा जरा मिसळ." मी रडत होते, हेच म्हणजे काय ते डोक्यात शिरलं नाही, मला वाटलं तुम्ही काहीतरी दुसरं बोलाल. दुसरं काही बोलला नाही. दुसऱ्याच दिवशी मी ते पोतं उकिरड्यावर टाकलं आणि शेळीला इकडचा पाला घातला. ती चार दिवस हगत होती. मग आपोआप बरी झाली. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

म्हणजे तुम्ही सांगितलं होतं. एकदा का होईना, मला, तुमच्या मुलाला नव्हे. बसमध्ये मला रडू येईल असं वाटलं, पण आला राग. कारण आप्पा, सांगायची ही काय रीत झाली? अजून एकच वाक्य लागत होतं. "एकदम बदललं तर पोट बिघडतं," एवढं. शेळी कशासाठी, पाला कशासाठी, तेवढं बोलला असता तर मी ते पोतं डोक्यावर मिरवलं असतं. तीस वर्षं तुम्ही लोकांना औषध कसं द्यायचं ते समजावून सांगत होता, म्हाताऱ्यांना, बायकांना, चार चार वेळा, न कंटाळता. मी खिडकीतून ऐकलं आहे. घरात आल्यावर ते शब्द कुठं जायचे? तुम्हाला वाटायचं का की आपल्याच माणसाला सांगायचं नसतं, त्याला कळलंच पाहिजे? मला कळत नाही, आप्पा. मला अजूनही सांगावं लागतं. आणि आता मी स्वतः तशीच झाले आहे, नुसतं "घालू नका" म्हणून ओरडते आणि का ते सांगत नाही, आणि मग आत्ती मागनं सुकट घालतात.

म्हणून त्या दिवशी घरी गेल्यावर मी आत्तींना आणि ह्यांना समोर बसवलं. ह्यांना वाटलं आता भांडण. मी भांडले नाही, तक्त्यापुढं उभं राहून आयांना सांगते तसं सांगितलं: आतड्याला एका अन्नाची सवय व्हायला किती दिवस लागतात, मसाल्यानं काय होतं, दुधानं का होतं. हे म्हणाले, "मग हे आधी का सांगितली न्हाईस?" आत्ती म्हणाल्या, घालणारा हात एकच पाहिजे तर तो माझा असू दे, तू तर दिवसभर बाहेर असतीस. मला ते पटायला अर्धा दिवस लागला. चार दिवस त्यांनी चमचा मोजून घातला. चुलीपाशी छोटं पातेलं वेगळं ठेवलं, ह्यांना त्याला हात लावू दिला नाही. एकदा हे मागच्या दारानं बिस्किट घेऊन पिल्लाकडे चालले होते तर त्यांनी लाकूड उगारलं.

आता पिल्लू बरं आहे. जंताचं औषध झालं, लसीची पहिली सुई झाली. आंबील आणि भात आणि थोडं उकडलेलं अंडं, हे त्याचं ठरलेलं आहे, आणि तिथवर यायला आम्हाला दहा-बारा दिवस लागले. आमच्या घरात हल्ली सकाळची पहिली बातमी म्हणजे त्याची शी. आत्ती अंगणातून हाक मारतात, "ये गं, बघ कशी झालीया," आणि मी चहा खाली ठेवून जाते, हेही जातात, आणि आम्ही तिघं जण उभे राहून बघतो आणि समाधानानं माना डोलावतो. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हा लोकांना वेड लागलंय.

राग मात्र गेलेला नाही, हे तुम्हाला खरं सांगते. मला वाटलं होतं लिहिता लिहिता जाईल. अंगणवाडीच्या जुन्या वहीची ही कोरी पानं आहेत, संपत आली, आणि ती कुठं पाठवायची नाहीत म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते, जी मी डॉक्टरांना सांगितली नाही, ह्यांना नाही, आत्तींना तर नाहीच. त्या शुक्रवारी दुपारी, पिकअप यायच्या आधी, मी पडवीत एकटीच पिल्लापाशी होते. सकाळपासून पाचव्यांदा फडकं बदललं होतं, अंगाला वास येत होता, नऊ दिवसांची झोप डोळ्यांवर होती. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, मरू दे एकदाचं, म्हणजे मी सुटेन. नुसतं वाटलं नाही. मी हात आखडता घेतला आणि बसून राहिले, श्वास चालतोय का थांबतोय ते बघत, आत्तींची हाक येईपर्यंत. तुमच्यासमोर तर अशी किती जनावरं आली असतील. तुम्हाला कधी असं वाटलं होतं का, आणि वाटलं तर तुम्ही घरी येऊन गप्प बसायचा ते त्यामुळंच का, हे मला विचारायचं होतं. मी चमचा खाली ठेवला होता, आप्पा.